विंडोजमधलं अंगभूत फाइल कॉम्प्रेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० आणि ११ मध्ये फाइली लहान करण्याच्या दोन सोयी मुळातच असतात. त्यांना पैसे पडत नाहीत, वेगळं सॉफ्टवेअर उतरवावं लागत नाही. पण दोन्हींच्या मेनूत 'कॉम्प्रेस' हाच शब्द येतो, त्यामुळे सरमिसळ होते. ड्राइव्ह भरली की घाईघाईने कुठली तरी एक सोय वापरली जाते आणि जागा तेवढीच राहते. दोन्ही सोयी चांगल्या आहेत, फक्त त्या कुठल्या फाइलींसाठी आहेत हे आधी ठाऊक हवं. पुढची उत्तरं घरच्या संगणकापुरती आहेत. कार्यालयातल्या सर्व्हरला ती लावू नका.

या दोन सोयी कोणत्या? त्यांच्यात फरक काय?

पहिली झिप. एक किंवा अनेक फाइली एकत्र बांधून त्यांची एकच नवी फाइल तयार होते. मूळ फाइली जिथल्या तिथे राहतात. म्हणजे झिप केल्याने जागा वाचत नाही, उलट थोडी आणखी लागते. मूळ फाइली तुम्ही स्वतः काढून टाकल्या तरच ती मोकळी होते.

दुसरी सोय डिस्कच्या मांडणीतच आहे. विंडोज ज्या पद्धतीने डिस्कवर फाइली लावून ठेवते तिला एनटीएफएस म्हणतात. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर ती आली आणि १९९५ च्या विंडोज एनटी ३.५१ पासून तिच्यात कॉम्प्रेशन आहे. इथे नवी फाइल बनत नाही. नाव तेच, ठिकाण तेच, दोनदा क्लिक केलं की पूर्वीसारखीच उघडते. वाचताना विंडोज ती आपोआप मोकळी करून देतं आणि सेव्ह करताना पुन्हा आवळतं.

कुणाला पाठवायचं असेल किंवा बांधून बाजूला ठेवायचं असेल तर झिप. रोज हाताशी हवं, पण कमी जागेत मावायला हवं, तर एनटीएफएस.

फाइल लहान होते म्हणजे त्यातलं काही गळतं का?

नाही. एक अक्षरही नाही, एक ठिपकाही नाही. मोकळी केलेली फाइल मूळ फाइलीशी तंतोतंत जुळते.

काय होतं ते पाहायला घरातला आरतीसंग्रह उघडा. ध्रुवपद पहिल्यांदा पूर्ण छापलेलं असतं, पुढच्या कडव्यांखाली नुसतं '॥धृ॥'. कागद वाचतो, म्हणणारा मात्र दर वेळी पूर्ण ध्रुवपद म्हणतो. कॉम्प्रेशनही असंच चालतं. एखादा तुकडा पुन्हा आला की तो पुन्हा न लिहिता 'मागे इतक्या अंतरावर, इतक्या लांबीचं जे आहे तेच' अशी छोटी खूण ठेवली जाते. अब्राहम लेंपेल आणि याकोब झिव या इस्राएली शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये ही रीत मांडली. झिपमध्ये तिच्या जोडीला डेव्हिड हफमन यांची १९५२ ची रीत असते. तिच्यात वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड खुणा आणि क्वचित येणाऱ्यांना लांब खुणा मिळतात.

एनटीएफएसने यातला पहिला भागच घेतला आहे, तोही ४ केबीच्या छोट्या तुकड्यांवर. कारण इथे वेग महत्त्वाचा, फाइल उघडताना तुम्हाला थांबावं लागता कामा नये. झिपवाली पद्धत ३२ केबी मागेपर्यंत पाहून पुनरावृत्ती शोधते. म्हणून तेच फोल्डर झिपमध्ये जास्त लहान होतं आणि एनटीएफएसमध्ये त्याहून कमी. यात बिघाड काही नाही.

मग कोणत्या फाइलींवर फरक पडतो?

ज्यांच्यात पुनरावृत्ती शिल्लक आहे त्यांच्यावर. साधा मजकूर, सीएसव्ही, एचटीएमएल, प्रोग्रॅमचा सोर्स कोड, लॉग फाइली, जुन्या वर्डच्या 'डॉक' फाइली, जुन्या एक्सेलच्या 'एक्सएलएस' फाइली, स्कॅनरमधून बीएमपी किंवा न आवळलेल्या टिफ स्वरूपात आलेली चित्रं. यांत चांगली बचत होते. मजकुराची फाइल निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येणं नेहमीचं आहे.

फोटो, व्हिडिओ आणि गाणी मात्र आधीच आवळलेली असतात. जेपीईजी, एचईआयसी, एमपी-थ्री, एमपी-फोर या सगळ्या स्वरूपांत फाइल तयार होतानाच जागा वाचवलेली असते आणि पुनरावृत्ती पिळून काढलेली असते. त्यांना कितीही झिप करा, एखादा टक्का हलला तर हलला. लग्नाच्या ४० जीबी व्हिडिओंच्या फोल्डरवर कॉम्प्रेसची खूण करून संगणक तासन्‌तास राबवला, तर शेवटी ४० जीबीच उरणार.

वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटच्या ऑफिस २००७ पासूनच्या फाइली, म्हणजे 'डॉकएक्स', 'एक्सएलएसएक्स' आणि 'पीपीटीएक्स', आतून झिपच असतात. पटत नसेल तर अशा एखाद्या फाइलीची प्रत काढा आणि प्रतीच्या नावाचा शेवट बदलून 'झिप' करा. ती उघडली की आत फोल्डर दिसतील. म्हणून त्यांच्यातही वाचण्यासारखं फार उरत नाही. बहुतेक पीडीएफचंही तेच.

माझी सी ड्राइव्ह भरली आहे. कॉम्प्रेशनने सुरुवात करू का?

नको. आधी जागा कशाने खाल्ली ते पाहा. सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग स्टोरेज असं गेलात की प्रकारानुसार हिशेब दिसतो. घरच्या संगणकावर वरचे आकडे बहुतेक वेळा फोटो-व्हिडिओंचे, फोनमधून दोन-तीनदा उतरवलेल्या त्याच त्या फोटोंचे आणि डाउनलोड्स फोल्डरचे असतात. तिथे कॉम्प्रेशनचा हात पोचत नाही. ते बाहेरच्या डिस्कवर हलवणं किंवा दुबार प्रती काढून टाकणं हाच उपाय.

त्याच पानावर 'टेम्पररी फाइल्स' आहे. विंडोजचं मोठं अपडेट नुकतंच झालं असेल तर जुन्या विंडोजची पूर्ण प्रत तिथे पडलेली सापडते, तीच कित्येक जीबी असते. दहा दिवसांनी विंडोज ती आपणहून काढून टाकतं, पण तोवर अडलं असेल तर तुम्ही आधी काढून टाकू शकता. फक्त त्यानंतर जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही. ही यादी साफ करताना डाउनलोड्सच्या चौकोनाकडे नीट बघा. तिथे खूण राहिली तर तुम्ही उतरवून ठेवलेल्या पावत्या, निकाल, दाखले सगळं जाईल.

एवढं करून झाल्यावर कागदपत्रांच्या, हिशेबाच्या, जुन्या कामाच्या फोल्डरांकडे वळा. तिथे एनटीएफएस कॉम्प्रेशन खरंच उपयोगी पडतं.

मराठी मजकुरावर याचा काही वेगळा परिणाम होतो का?

होतो, आणि चांगला होतो. आजचा मराठी मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि साध्या मजकुराच्या फाइली बहुधा यूटीएफ-८ पद्धतीने साठवल्या जातात. या पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरी अक्षराला ३. काना, मात्रा, हलन्त हे सुद्धा स्वतंत्र मोजले जातात. 'नमस्कार' या शब्दात न, म, स, हलन्त, क, काना, र अशी ७ चिन्हं येतात, म्हणजे २१ बाइट.

गंमत अशी की या तीन बाइटांपैकी पहिला प्रत्येक देवनागरी चिन्हात तोच असतो आणि दुसऱ्याला दोनच पर्याय असतात. खरी माहिती जवळजवळ सगळी तिसऱ्या बाइटात. एवढी पुनरावृत्ती कॉम्प्रेशनच्या पथ्यावर पडते. म्हणून कथा, लेख, गावाच्या इतिहासाच्या नोंदी, शब्दांच्या याद्या साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवणाऱ्यांना याचा मोठा फायदा आहे. देवनागरीला तिप्पट जागा लागते म्हणून इंग्रजी लिपीत मराठी लिहून ठेवण्याची काही गरज नाही.

श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेल्या फाइलीही कॉम्प्रेस होतात. फाँट कोणता आहे याच्याशी कॉम्प्रेशनला काही देणंघेणं नाही.

फोल्डर कॉम्प्रेस कसं करायचं?

फोल्डरवर उजवं क्लिक करा आणि 'प्रॉपर्टीज' उघडा. 'जनरल' या पहिल्याच पानावर खाली 'अ‍ॅडव्हान्स्ड' बटण आहे. त्यात 'कॉम्प्रेस कन्टेन्ट्स टू सेव्ह डिस्क स्पेस' या ओळीपुढे खूण करा, ओके म्हणा, मग 'अप्लाय'. विंडोज विचारेल, फक्त याच फोल्डरला की आतल्या सगळ्यांनाही? फक्त याच फोल्डरला म्हटलंत तर आज आत असलेल्या फाइली तशाच राहतात आणि इथून पुढे येणाऱ्या नव्या फाइलीच कॉम्प्रेस होतात. साधारणपणे दुसरा पर्याय हवा असतो.

हजारो फाइली असतील तर वेळ लागेल. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. आणि हे करण्याआधी महत्त्वाच्या फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. कॉम्प्रेशन धोक्याचं आहे म्हणून हे सांगत नाही. मधेच वीज गेली किंवा डिस्क जुनी असली, तर हजारो फाइली एकामागोमाग पुन्हा लिहिताना तिची खरी अवस्था उघड होते.

जागा वाचली हे कसं ओळखायचं?

त्याच 'प्रॉपर्टीज'मध्ये दोन आकडे असतात, 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क'. पहिला फाइलीचा मूळ आकार, तो कधीच बदलत नाही. दुसरा म्हणजे तिने डिस्कवर खरोखर अडवलेली जागा. कॉम्प्रेशननंतर हा दुसरा आकडा उतरायला हवा. पहिला तसाच पाहून 'काहीच झालं नाही' असं अनेकांना वाटतं.

दुसरा आकडाही उतरला नसेल, तर फाइल आधीच आवळलेली आहे. एनटीएफएस ६४ केबीचा एकेक गट घेऊन पाहतं. त्यात किमान ४ केबी वाचत नसतील तर तो गट जसा आहे तसाच ठेवतं. म्हणजे फोटोंच्या फोल्डरवर चुकून खूण केली तरी नुकसान काही नाही, फक्त फायदा नाही.

अगदी छोट्या फाइलींचं एक वेगळं आहे. डिस्क ४ केबीच्या घरांत विभागलेली असते आणि ३ केबीच्या फाइलीलाही पूर्ण घर लागतं. ती १ केबी झाली तरी घर एकच. अशा हजारो चिठ्ठ्याचपाट्या असतील तर एनटीएफएसने काही साधत नाही. त्यांची एक झिप मात्र झकास बनते, कारण तिथे सगळ्या फाइली एकाला एक लागून बसतात.

फाइलींच्या चित्रावर दोन निळे बाण दिसायला लागले. व्हायरस आहे का?

नाही. ती फाइल एनटीएफएसने कॉम्प्रेस केलेली आहे, एवढीच ती खूण आहे. विंडोज ७ आणि त्याआधी अशा फाइलींची नावं निळ्या अक्षरांत दिसायची, विंडोज १० पासून दोन छोटे बाण आले.

संगणक हळू होतो का?

मजकूर आणि कागदपत्रांपुरतं म्हणाल तर तुम्हाला जाणवणारही नाही. आजच्या प्रोसेसरला हे काम हलकं आहे. जुन्या फिरत्या डिस्कवर तर कधी कधी फाइल लवकर उघडते, कारण डिस्कवरून कमी वाचावं लागतं आणि तिथे डिस्कच सगळ्यांत मंद असते. एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या नव्या वेगवान डिस्कवर, हा फायदा राहत नाही.

त्रास होतो तो सतत बदलत्या मोठ्या फाइलींना. कॉम्प्रेस केलेल्या फाइलीच्या मधला भाग बदलला की तो गट नव्याने आवळावा लागतो. तो आधीच्या जागेत मावेलच असं नाही, मग दुसरीकडे जातो. असं वारंवार झालं की फाइलीचे तुकडे डिस्कभर विखुरतात.

मग कॉम्प्रेस कशाला करायचं नाही?

टॅलीचा चालू वर्षाचा डेटा, कुठल्याही डेटाबेसच्या फाइली, आउटलुकची मेलपेटी, व्हर्च्युअल मशिनची (संगणकात चालणाऱ्या आभासी संगणकाची) डिस्क, व्हिडिओ एडिटिंग चालू असलेलं फोल्डर. यांना हात लावू नका. टॅलीत मागची वर्षं बंद केली असतील तर त्यांची झिप करून बाहेरच्या डिस्कवर ठेवा, पण चालू वर्षाच्या फोल्डरला कॉम्प्रेसची खूण नको. हिशेबाच्या फाइलीबाबत ४०० एमबी वाचवण्यापेक्षा ती धडधाकट राहणं मोलाचं.

'सी' ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये पूर्ण ड्राइव्ह कॉम्प्रेस करण्याचा चौकोन आहे. तो वापरावा का?

माझं स्पष्ट मत: वापरू नका. त्या एका खुणेने विंडोजच्या स्वतःच्या फाइली, प्रोग्रॅम, तात्पुरत्या फाइली, सगळंच रांगेत येतं. ज्या फाइली वापरात आहेत त्यांवर अडखळत, 'इग्नोर' म्हणायला लावत ते काम तासन्‌तास चालतं.

जुन्या संगणकांवर याचा एक वाईट परिणाम प्रसिद्ध आहे. संगणक सुरू करणारी फाइलच कॉम्प्रेस व्हायची आणि पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर 'बूटएमजीआर इज कॉम्प्रेस्ड' एवढीच ओळ यायची. एक्सपीच्या काळात तिथे 'एनटीएलडीआर' असायचं. कारण साधं आहे. ती फाइल वाचली जाते तेव्हा विंडोज अजून उठलेलंच नसतं, मग आवळलेली फाइल मोकळी कोण करणार? यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत वापरणाऱ्या संगणकांत ही फाइल वेगळ्या छोट्या विभागात असते, म्हणून हा प्रसंग सहसा येत नाही. जुन्या संगणकावर तो आलाच तर घाबरून फॉरमॅट करू नका. तुमच्या फाइली सुखरूप असतात. विंडोजच्या इन्स्टॉलेशन डीव्हीडी किंवा पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून 'स्टार्टअप रिपेअर' चालवलं की बहुतेक वेळा काम होतं.

पण माझ्या लॅपटॉपला ३२ जीबीचीच डिस्क आहे. विंडोजच लहान करता येत नाही का?

येतं, आणि त्यासाठी वेगळी सोय आहे. स्वस्त लॅपटॉप आणि टॅब्लेट डोळ्यांपुढे ठेवून विंडोज १० मध्ये 'कॉम्पॅक्ट ओएस' आणलं गेलं. ते विंडोजच्या ज्या फाइली नुसत्या वाचल्या जातात, बदलल्या जात नाहीत, त्यांनाच आवळतं, आणि त्यासाठीची पद्धतही निराळी आहे. साधारण २ जीबीच्या आसपास जागा सुटते. ३२ जीबीत ती मोठी, ५१२ जीबीत नगण्य. छोट्या डिस्कवर विंडोज बहुधा स्वतःच हा निर्णय घेऊन बसलेलं असतं.

तपासायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडा. इंग्रजीत 'कॉम्पॅक्ट' लिहा, मग एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि प्रश्नचिन्ह. या आज्ञेचे सगळे पर्याय समोर येतील. त्यातल्या 'कॉम्पॅक्ट ओएस' या पर्यायाला जोडून 'क्वेरी' दिलं तर सध्याची स्थिती कळते, 'ऑलवेज' दिलं तर लागू होतं, 'नेव्हर' दिलं तर निघतं.

याच आज्ञेत 'ईएक्सई' नावाचा पर्याय आहे. मोठे प्रोग्रॅम आणि खेळ यांच्यासाठी तो साध्या खुणेपेक्षा चांगला. त्याच्या चार पायऱ्या आहेत, त्यातली 'एलझेडएक्स' सगळ्यांत जास्त जागा वाचवते आणि सगळ्यांत हळू चालते. फक्त खेळाचं अपडेट आलं की ज्या फाइली नव्याने लिहिल्या जातात त्या पुन्हा पूर्ण आकाराच्या होतात.

पेन ड्राइव्हवर कॉम्प्रेसचा पर्यायच दिसत नाही.

पेन ड्राइव्ह बहुधा फॅट-३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. त्या पद्धतींत ही सोय नाही. टीव्हीला आणि गाडीच्या म्युझिक सिस्टिमला तोच चालतो, तेव्हा एवढ्यासाठी तो बदलू नका. तिथे झिप वापरा.

कॉम्प्रेस केलेली फाइल मेलने पाठवली, तरी 'फार मोठी' म्हणून परत आली.

एनटीएफएसचं कॉम्प्रेशन त्या डिस्कपुरतंच असतं. फाइल तिथून बाहेर पडली, मेलला जोडली, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली किंवा पेन ड्राइव्हवर घेतली की मूळ आकारातच जाते. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. पाठवायचं तर झिप करा. त्यानेही मावलं नाही तर गूगल ड्राइव्हवर टाकून दुवा पाठवणं सोपं.

कॉम्प्रेस केलेल्या फोल्डरमध्ये नवी फाइल टाकली तर ती आपोआप कॉम्प्रेस होते का?

तिथेच तयार केली किंवा कॉपी करून आणली तर होते. त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरमधून 'कट' करून आणली तर ती आपली जुनी स्थिती घेऊन येते. शंका असेल तर निळे बाण बघा.

झिप कशी करायची आणि कशी सोडवायची?

फाइली निवडा आणि उजवं क्लिक करा. विंडोज ११ मध्ये 'कॉम्प्रेस टू' किंवा 'कॉम्प्रेस टू झिप फाइल', विंडोज १० मध्ये 'सेंड टू' आणि त्यात 'कॉम्प्रेस्ड (झिप्ड) फोल्डर'. सोडवायला झिपवर उजवं क्लिक करून 'एक्स्ट्रॅक्ट ऑल'.

झिपमधली फाइल उघडली, तासभर काम केलं, सेव्ह केलं. आता ते काम सापडत नाही.

हे फार जणांच्या बाबतीत होतं आणि मनाला लागतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. विंडोज झिपला फोल्डरसारखं दाखवतं, पण ते फोल्डर नाही. आतली फाइल थेट उघडली की विंडोज तिची एक प्रत गुपचूप 'टेम्प' नावाच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढतं आणि ती तुमच्यासमोर ठेवतं. झिपच्या आतल्या मूळ फाइलीला तुमचे बदल पोचत नाहीत. पुष्कळदा ती प्रत 'रीड ओन्ली' म्हणून उघडते. तो इशारा असतो, पण घाईत नजरेतून निसटतो.

आता काय करायचं? पहिलं म्हणजे संगणक बंद करू नका आणि डिस्कची साफसफाई चालवू नका. वर्ड अजून उघडं असेल तर लगेच 'सेव्ह अ‍ॅज' करून डॉक्युमेंट्समध्ये ठेवा. बंद केलं असेल तर पुन्हा उघडून 'रीसेन्ट' यादीत त्या नावावर क्लिक करून पाहा. नाहीच मिळालं तर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, टक्क्याची खूण, 'टेम्प' हा शब्द इंग्रजीत आणि पुन्हा टक्क्याची खूण लिहून एंटर करा. उघडलेल्या फोल्डरमध्ये वरच्या शोधचौकटीत फाइलीचं नाव टाका. टेम्प अजून रिकामं झालेलं नसेल तर सापडण्याची शक्यता आहे.

पुढच्या वेळी मात्र आधी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल', मग काम. झिपमधून आलेले सेटअप प्रोग्रॅमही आधी सोडवून घ्या. जीएसटीचं ऑफलाइन टूल झिपमध्ये येतं. ते आतूनच चालवायला गेलं तर सेटअपला शेजारच्या फाइली सापडत नाहीत आणि भलताच एरर येतो.

उतरवलेली झिप 'इनव्हॅलिड' म्हणते.

बहुतेक वेळा ती अर्धवट उतरलेली असते. झिपची अनुक्रमणिका फाइलीच्या अगदी शेवटी असते. नेट तुटून शेपूट राहून गेलं की आत काय काय आहे हेच विंडोजला कळत नाही. संकेतस्थळावर दिलेला आकार आणि तुमच्याकडचा आकार जुळवून पाहा आणि पुन्हा उतरवा.

झिपला पासवर्ड लावता येतो का?

विंडोज १० आणि ११ च्या स्वतःच्या झिपला नाही. आधार, पॅन, बँकेची कागदपत्रं पाठवायची असतील तर सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि त्यात 'एईएस-२५६' ही कुलूपबंद करण्याची पद्धत निवडा. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा. अशा झिपच्या आतल्या फाइलींची नावं पासवर्डशिवायही दिसतात, तेव्हा नावांतच खाते क्रमांक लिहून ठेवू नका.

'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये कॉम्प्रेसच्या खाली 'एन्क्रिप्ट' असा चौकोन आहे, तो पासवर्डसाठी नाही. शिवाय एनटीएफएसमध्ये कॉम्प्रेस आणि एन्क्रिप्ट यांपैकी एकच निवडता येतं. विंडोजच्या होम आवृत्तीत तर तो चौकोन पुसटच दिसतो.

आरएआर आणि सेव्हन-झेड या झिपसारख्याच दुसऱ्या प्रकारच्या फाइली उघडायला अजून वेगळं सॉफ्टवेअर लागतं का?

विंडोज १० मध्ये लागतं. विंडोज ११ मध्ये २०२३ च्या अपडेटनंतर दोन्ही थेट उघडतात.

फाइलींची नावं मराठीत आहेत. झिप होताना बिघडतील का?

विंडोज १० आणि ११ मध्ये नाही. एक्सपी आणि विंडोज ७ मध्ये अशी नावं असली की 'या नावात न चालणारी अक्षरं आहेत' असं सांगून झिप करायलाच नकार मिळायचा. समोरच्याकडे फार जुना संगणक असेल तर झिपच्या आतल्या नावांचा चिखल झालेला दिसेल, आतला मजकूर मात्र शाबूत असतो. तेवढ्यासाठी सगळी नावं इंग्रजीत करत बसू नका. आपल्या फाइलींना आपल्या भाषेत नावं असावीत आणि आता ती चालतात.

डिस्क कॉम्प्रेस केली की सगळा डेटा जातो, असं संगणकवाले काका सांगायचे.

त्यांच्या काळात त्या भीतीला आधार होता. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस ६.० या जुन्या प्रणालीबरोबर 'डबलस्पेस' आलं. ते पूर्ण ड्राइव्ह एकाच प्रचंड मोठ्या फाइलीत कोंडायचं. त्या एका फाइलीला धक्का लागला की सगळंच अडकायचं. वापरणाऱ्यांचा डेटा गेल्याच्या तक्रारी आल्या आणि पुढच्या आवृत्तीत सुरक्षेच्या तपासण्या वाढवाव्या लागल्या. त्यातच 'स्टॅकर' हे डिस्क कॉम्प्रेशनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या स्टॅक इलेक्ट्रॉनिक्सने पेटंटचा दावा लावला. १९९४ मध्ये ज्युरीने मायक्रोसॉफ्टला १२ कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितली आणि डबलस्पेस मागे घ्यावं लागलं.

एनटीएफएसची रचना तशी नाही. प्रत्येक फाइल स्वतंत्र कॉम्प्रेस होते. एखाद्या ठिकाणी डिस्क खराब झाली तर तिथला गट जातो, शेजारच्या फाइलींना झळ लागत नाही. तरीही दुसरी प्रत हवीच. ती कॉम्प्रेशनमुळे नाही, डिस्क कधी तरी जातेच म्हणून.

मॅकवर?

फाइलीवर उजवं क्लिक आणि 'कॉम्प्रेस', झिप तयार. ती विंडोजवर सोडवली की 'मॅकओएसएक्स' नावाचं एक जास्तीचं फोल्डर दिसतं, ते खुशाल काढून टाका. एनटीएफएससारखी फोल्डरवर खूण करायची सोय मॅकच्या फाइंडरमध्ये नाही.

केलेलं कॉम्प्रेशन परत काढायचं असेल तर?

तोच चौकोन, तीच खूण काढायची. पण आधी 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' यांतला फरक पाहा आणि तेवढी मोकळी जागा ड्राइव्हवर आहे ना, याची खात्री करा. फोल्डर २० जीबीचं असेल, डिस्कवर १२ जीबी घेत असेल आणि ड्राइव्हवर ५ जीबीच मोकळे असतील, तर काम मधेच अडेल. अडलं तरी फाइली जात नाहीत, काही मोकळ्या झालेल्या आणि काही कॉम्प्रेस राहिलेल्या, अशा अवस्थेतही सगळ्या उघडतात. जागा करून उरलेलं नंतर पूर्ण करता येतं. मोठ्या फोल्डरच्या बाबतीत आतली उपफोल्डरं एकेक करून घेतलीत तर जागा किती उरली ते पाहत पुढे जाता येतं.